विहिरीतला गडवा

वाल्मिकचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कोयता होता. खुनातला. नगरच्या कोर्टात मी मुद्देमाल कारकून आहे, सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हातात कोयता असणं यात विशेष काही नाही. मी तो खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधत होतो. आडवा फास, उभा फास, दोन पीळ आणि टोक आत दाबायचं. ही गाठ माझ्याइतकी कुणाला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला दुसरी कुठली येत नाही. घरी लोणच्याच्या बरणीचं फडकं, रद्दीचा गठ्ठा, माझी मुलगी दिशा पहिल्यांदा पुण्याला होस्टेलला गेली तेव्हाची तिची गादी, सगळं मी असंच बांधतो. माधुरी, माझी बायको, म्हणते, "झाला का पंचनामा? आता वाढू का लोणचं?" तर वाल्मिक. माझा चुलतभाऊ, गावी क्रेन चालवतो, विहिरींचा गाळ काढतो. तो ओरडलाच, "भीमभाऊ, गावला!" मी म्हटलं, "काय गावला?" "गडवा! तुमच्या आजाचा गडवा. तोंड बांधलेलं तसंच हाय. लई जड हाय." त्याच्या पाठीमागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मी उठून उभा राहिलो. सुतळी सुटली, कागद उलगडला आणि कोयता पुन्हा उघडा पडला.

हा गडवा म्हणजे काय ते आमच्या वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. छप्पन साली नागपूरला दीक्षा झाली आणि दोन महिन्यांत आमची सगळी वस्ती बौद्ध झाली. घरोघरचे देव बाहेर निघाले. बहुतेकांनी नदीला सोडले. माझे आजोबा भिमाजी म्हणाले, नदीला सोडलेला देव पुढच्या गावात कुणीतरी उचलणारच, मग काय उपयोग? त्यांनी तांब्याचा एक गडवा घेतला, आजीसमोर ठेवला आणि म्हणाले, भागिरथे, तुझ्या हातानं भर. पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक होते ते, तिच्या सासूने तिच्या ओटीत घातलेले. ती भरत होती तेवढा वेळ आजोबा उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे राहिले. मग झाकण ठोकून बसवलं, वरून तार आवळली आणि गडवा आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर दिला. ते पोर म्हणजे माझे वडील. अण्णांनी तो वस्तीच्या विहिरीत टाकला आणि 'बुडुक' असा आवाज झाला. तो बुडुक ते दरवर्षी दसऱ्याला विहारात, गाल फुगवून, त्यावर बोट आपटून करून दाखवतात आणि पोरं हसतात. मग अण्णा बोट वर करून म्हणतात, "ऐकीव सांगत न्हाई. ह्या हातांनी टाकले. बाकीचे म्हणतात माना, आपण म्हणतो दाखवा." अण्णा म्हणजे कारभारी गुरुजी, छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. 'दाखव' हा त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. ताप आला म्हटलं तर दाखव. पहिला नंबर आला म्हटलं तरी दाखव. मी कोर्टात मुद्देमालावर लागलो तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले आणि मला म्हणाले, पुराव्याचा रखवालदार झालास, चुकू नको. मी चोपन्न वर्षांचा झालो, अजून त्यांच्यासमोर बोलताना माझे तळहात ओले होतात.

गेल्या दसऱ्याला दिशाने घोळ घातला. वीस वर्षांची आहे, पुण्यात संख्याशास्त्र शिकते, आजोबांचीच नात. बुडुक झाल्यावर सगळे हसले आणि ती हात वर करून म्हणाली, "आजोबा, गडव्यात देव होते हे तुम्ही पाहिलं होतं का?" अण्णा म्हणाले, "आईनं भरले हुते ना." ही म्हणाली, "म्हणजे ते ऐकीव झालं." मला तिच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिचा अभिमानही वाटला, एकाच वेळी, आणि दोन्ही गिळून मी सतरंजीकडे बघत बसलो. अण्णा म्हणाले, "बरोबर विचारलंस." आणि बसले. पोरांना तेवढं पुरे होतं. पाण्याची बोंब होतीच, उन्हाळ्यात विहीर आटली की गाळ काढायचा आणि गडवा निघाला तर बुद्धपौर्णिमेला सगळ्यांसमोर उघडायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अण्णा नको म्हणत राहिले. कडा ढासळतील, पावसाळा होऊ द्या, त्या विहिरीला कशाला हात लावता. फोनवर त्यांचा आवाज बारीक यायला लागला, भाकरी अर्धी ठेवतात असं शेजारची बनुबाई सांगायची. मला वाटलं, म्हातारा घाबरलाय, गडवा सापडलाच नाही तर काय, याची भीती याला. कोर्टात मी म्हातारे साक्षीदार पाहिलेत. तोंड ठाम असतं पण पिंजऱ्याच्या खालच्या फटीतून त्यांचे गुडघे दिसतात. अण्णांचे गुडघे मला पस्तीस किलोमीटरवरून दिसत होते, असं माझं मला वाटत होतं. मी किती मूर्ख होतो ते पुढे येईलच.

अर्धी रजा टाकून मोटरसायकलवर गावी गेलो. गडवा विहाराच्या पायरीवर ठेवलेला, हिरवा पडलेला, त्याच्याभोवती तारेचे वेढे. वाल्मिकने सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी गडव्याला हात लावला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. एकोणसत्तर वर्षांनी माणसाची अख्खी हयात पाण्यातून वर आली आणि तो हात लावत नाही! पौर्णिमेला नऊ दिवस होते. तोवर ठेवायचा कुठे यावर पोरांचा वाद झाला, आणि मग वाल्मिकच म्हणाला, "भीमभाऊकडं द्या की. कोर्टातला माणूस. त्याच्या ताब्यात सुई पण हलत न्हाई." सगळ्यांना पटलं. मी अण्णांकडे पाहिलं. ते म्हणाले, "ने." एवढंच. येताना घाटात प्रत्येक खड्ड्याला गडवा मागे कॅरिअरवर वाजत होता. आणि वाजणं मला कळतं. टाक म्हणजे पत्रा, तो किणकिणतो. हे खडबडत होतं.

आमचा फ्लॅट सावेडीत, दुसऱ्या मजल्यावर. गडवा मी बेडरूमच्या कपाटात, चादरींच्या खाली ठेवला. तीन दिवस त्या कपाटाने मला सुचू दिलं नाही. जेवताना तोंडात घास आणि कानात तो खडबड आवाज. माधुरी म्हणाली, "अहो, नुसतं भांडं आहे ते." मी तिच्यावर खेकसलो. सव्वीस वर्षांत मी एकही सील वेळेआधी उघडलेलं नाही. सोनं आलं, नोटा आल्या, एकदा एका मेलेल्या बाईचं मंगळसूत्र आलं, ते हातात घेऊन मी रडलो पण उघडून पाहिलं नाही. आणि दुसऱ्या शनिवारी, माधुरी तिच्या बहिणीकडे गेलेली असताना, भर दुपारी, मी बाथरूमचं दार आतून लावलं आणि गडव्याची तार पक्कडीने तोडली. ती जुनी तार नुसती वेटाळून पिरगळलेली होती. झाकण निघालं. आत कुजलेल्या चिंधीत तीन गोटे होते आणि विळ्याचं एक मोडकं पातं. देव नव्हते. एकही नव्हता. मी गडवा उपडा केला, आत बोटं फिरवली, मग फरशीवर बसून राहिलो. नळ ठिबकत होता. आजीने वाजू नये म्हणून पात्याला चिंधी गुंडाळली होती. पाठमोऱ्या नवऱ्याच्या मागे, घाईघाईत, चुलीपाशी जे हाताला लागलं ते.

आणि मग आजीची चंची आठवली. मी लहानपणी आजीजवळ झोपायचो. ती विहारात पांढरं लुगडं नेसून सगळ्यात पुढे बसायची, वंदना तिला सगळ्यांच्या आधी पाठ झालेली, कुणाच्या अंगात आलं तर ही पहिली जाऊन त्याला हलवायची, "नाटकं बंद कर!" म्हणून. अशी बाई. पण तिच्या कमरेला सुपारीची चंची असायची आणि ती मी दाबली की आतून काहीतरी टोचायचं, सपाट, कडेला धारदार. मी विचारलं तर म्हणायची, "अडकित्ता हाय, झोप." तिला तर दात नव्हते, सुपारी ती केव्हाच सोडून बसली होती. तो टोच माझ्या गालाला अजून आठवत होता, पन्नास वर्षं मी तो गालावर घेऊन हिंडत होतो आणि कधी विचारलं नाही. बाथरूममध्ये बसल्या बसल्या मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. म्हातारे, तुझ्या नवऱ्याला फसवलंस ते फसवलंस, पोराच्या डोक्यावर गोटे दिलेस! तो बिचारा जन्मभर त्या गोट्यांवर भाषणं करतोय!

आता काय करायचं? अण्णांना सांगावं, तर सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना काय सांगायचं, की तुमचं सगळं बुडुक खोटं? गडवा हरवला म्हणावं, तर माझ्या ताब्यातून हरवला, आणि पोरं हेच म्हणणार की आत काही नव्हतं म्हणून बापलेकांनी दडवला. आहे तसा उघडू द्यावा, तर तो मोबाईलवर शूट होणार, आणि अण्णा पायरीवर उभे राहून गोट्यांकडे बघणार. जिकडे जावं तिकडे भिंत. मी पंख्याखाली आडवा पडायचो आणि मनाशी म्हणायचो, अरे, पण देव आत होते की नव्हते याने फरक काय पडतो? वस्ती बौद्ध झाली, शिकली, माझी पोरगी संख्याशास्त्र शिकते, हे सगळं गोट्यांनी थांबलं का? नाही. मग लगेच अण्णांचा आवाज यायचा, दाखव. दुसऱ्यांना आपण हेच विचारत आलो ना, तुमचा देव दाखवा? ते बिचारे म्हणायचे, आमच्या मनात आहे, आणि आपण हसायचो. आता आपलंच मनातलं झालं. आणि पौर्णिमा जवळ येत होती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी सराफ बाजारात गेलो. एका जुन्या दुकानात मोडीत आलेल्या वस्तूंची परात होती, तिच्यात लोकांनी विकलेले टाक होते. लोक देव विकतात, हे मला माहीत नव्हतं. जुने झिजलेले पितळेचे पाच निवडले, पाच का ते मला विचारू नका, पाच बरे दिसले. म्हातारा सराफ कौतुकाने म्हणाला, "कुलदैवत कोणतं आपलं?" माझ्या तोंडातून निघालं, "खंडोबा." तो म्हणाला, "वा, वा." आयुष्यात मी कुठल्या देवाला आपला म्हटलं ते तेवढं एकदाच, आणि तेही खोटं. भंगारवाल्याकडून जुनी तांब्याची तार आणली. दोन दिवस टाक गाळाच्या पाण्यात बुडवून ठेवले, गोटे आणि पातं कपाटाच्या तळाशी सरकवलं, झाकण बसवलं आणि तार आवळली. हात आपले आपण चालत होते. काम झाल्यावर मला अगदी हलकं वाटलं. पुरावा तयार झाला की पोलिसांना असंच हलकं वाटत असेल का, असा विचार आला आणि मी तो झटकून टाकला.

पौर्णिमेला विहारापुढे मांडव होता, खिरीची पातेली होती. दिशा पुण्याहून परस्पर आलेली, मोबाईल धरून अगदी पुढे. गडवा चौरंगावर, मी त्याच्यावर हात ठेवून उभा, अण्णा समोर. वाल्मिकने पक्कड दिली. अण्णांनी तारेकडे बराच वेळ पाहिलं आणि मग ती तोडली. झाकण निघालं आणि त्यांनी एकेक टाक काढून पांढऱ्या कापडावर ठेवला. एक, दोन, तीन. तिथे ते थांबले. मग चौथा काढला, आणि पाचवा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेने मी सहावीतला झालो, न सोडवलेलं गणित वहीत दुसऱ्याचं बघून लिहिलेला. मग ते लोकांकडे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "हेच." टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं ओरडली, "गुरुजी, बुडुक!" आणि अण्णांनी गाल फुगवून, त्यावर बोट आपटून, बुडुक केलं. दिशाने मोबाईल खाली घेतला, पुढे येऊन त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "चुकलं माझं, आजोबा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी जिंकलो होतो. तुटलेली तार उचलून मी पँटच्या खिशात कोंबली.

दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि कडी लावली. त्यांची पत्र्याची पेटी उघडली. शाळेची प्रमाणपत्रं, माझ्या आईचा फोटो, आजीच्या बांगड्या, आणि सगळ्यात खालून त्यांनी ती चंची काढली. गाठ सोडून तळहातावर उपडी केली. तीन टाक. इतके झिजलेले की देव कोणता ते ओळखू येत नव्हतं. अण्णा म्हणाले, "मग हे कुणाचे रे?" ते खाली बसले, पेटीला पाठ लावून, आणि हळू आवाजात बोलत राहिले. "आई गेली त्या दिवशी तिनं दिले. म्हणाली, टाकू नको. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेलो, टाकायलाच. न्हाई टाकता आले. अडतीस वर्षं झाली. पूजा केली न्हाई, हात जोडले न्हाईत. पण पेटी उघडली की छातीत धडधडतं. ते कशाचं म्हणू मी? देवाचं म्हणावं तर मी मानत न्हाई. आईचं म्हणावं तर तिच्या बांगड्या बी हितंच हायत, त्यांना न्हाई धडधडत." मी म्हटलं, "मग दरवर्षी सांगत का होता, अण्णा?" माझा आवाज चढला, वडिलांवर माझा आवाज पहिल्यांदा चढला. "टाकले टाकले म्हणून?" ते म्हणाले, "टाकलेच की. मला ठाऊक न्हवतं आत काय हाय. माझ्या डोक्यावर देव हुते. पाण्यात सोडताना वाटलं, आता मी मरणार. डोळे मिटून सोडले. आन् न्हाई मेलो. ते खोटं हाय का? तू कोर्टातला हायस, सांग." बाहेर पोरं भांडी घासत होती. अण्णांनी तिन्ही टाक माझ्या हातात दिले, माझी बोटं मिटली आणि वरून आपली मूठ दाबली. "छत्तीस वर्षं मास्तरकी केली, आज भर सभेत खोटं बोललो. तू गडव्यावर हात ठेवून हुभा हुतास, तुझे गुडघे दिसत हुते मला. आता हे तुझ्या ताब्यात. माझ्यानं न्हाई झालं, तुझ्यानं झालं तर बघ."

मी तसाच उठून विहिरीवर गेलो. टाकून मोकळं व्हायचं, बस्स. तर विहिरीवर लोखंडी जाळी! गाळ काढून झाला, पाझर फुटला, आता पोरंबाळं पडू नयेत म्हणून सकाळीच बसवली म्हणे, वाल्मिकने कौतुकाने हलवून दाखवली. "बघा भीमभाऊ, आता मांजर बी जायचं न्हाई." जाळीखाली पाणी चकाकत होतं. टाक जाळीतून गेलेही असते, पण तिथे दहा माणसं उभी होती, आणि दहा माणसांत विहिरीत काय टाकलं याला उत्तर लागतं. मी मूठ शर्टाच्या खिशात रिकामी केली. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत एक नियम आहे, न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय मुद्देमाल नष्ट करता येत नाही. आदेश येईपर्यंत तो ठेवायचा, पाच वर्षं, वीस वर्षं. हे तीन नष्ट करायचा आदेश मला कोण देणार होतं? अण्णा देऊ शकले नाहीत. आजी तर नको म्हणूनच गेली.

ऊन उतरल्यावर दिशा आणि मी निघालो, ती दोन दिवस नगरला राहून पुण्याला जाणार होती. अण्णा दारापर्यंत आले. दिशाने त्यांना जय भीम केला, ते म्हणाले, "विचारत जा. थांबू नको." मोटरसायकल घाटाला लागली. खिशातले टाक प्रत्येक खड्ड्याला छातीला टोचत होते, सपाट, कडेला धारदार. मग तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली, लहानपणी टेकायची तशी, आणि कानाशी म्हणाली, "पप्पा, वाल्मिककाकांच्या फोटोत तारेला नुसते वेढे होते." मी गाडी हळू केली. "आज आडवा फास होता, उभा फास होता, दोन पीळ होते आणि टोक आत दाबलेलं होतं. माझ्या गादीला होतं तसंच." मागून ट्रकचा हॉर्न वाजला, मी डाव्या अंगाला घेतलं. एवढं सगळं डोळ्यांनी पाहून ही पोरगी पुढे झाली होती आणि चुकलं म्हणाली होती. "मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात, "आजोबांना काही कळलं नाही ना हो?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना कशाला कळतंय."